जर्मन कशासाठी?

मी जर्मन शिकतो म्हटले की गावात पहिला प्रश्न येतो, "मग कंपनीत लागणार का?" विचारणाऱ्याची चूक नाही. माणच्या शिवारात आता आयटी पार्क उभा आहे. चाकणला २००९ पासून फोक्सवागनचा कारखाना आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा शिकण्याचा हिशेब नोकरीशी लावला जाणारच. नोकरी मलाही हवी आहे. पण वर्षभर रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात बसून माझे मत असे झाले आहे, की केवळ नोकरीसाठी घोकणाऱ्याला ही भाषा येत नाही.

ती अवघड आहे ही भीती मात्र खोटी. इंग्रजीत नसलेली तीन लिंगे आपल्याकडे आहेतच. 'मूल' आपले ते, त्यांचेही ते. (मुलगीही त्यांनी नपुंसकलिंगी करून ठेवली आहे, आमच्याकडे 'पोरगं' म्हणतात, म्हणून मी हसलो नाही.) आपला रोजचा 'टेम्पो' हासुद्धा हॅम्बुर्गच्या एका वाहन कारखान्याच्या नावावरून आलेला.

जे शब्द पाठ होत नव्हते ते सणांनी पाठ करून दिले. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या नावाने मुले कंदील घेऊन मिरवतात. ५ डिसेंबरच्या रात्री बूट पुसून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात खाऊ. आजी म्हणाली, "आरं, पायताणात कुणी खाऊ ठेवतं का?" नाताळच्या आधी चार रविवार एकेक मेणबत्ती वाढवत लावतात. ही चाल हॅम्बुर्गच्या विखर्न या पाद्र्याची. १८३९ साली त्याने, नाताळ कधी येणार म्हणून रोज विचारणाऱ्या गरीब, अनाथ मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोजची छोटी, रविवारची मोठी. हे मात्र आजीला पटले. तसले एक चाक आमच्या पडवीत पडून आहे.

पुढे वर्गात सांगितले, आपल्या घरच्या सणावर दहा वाक्ये लिहा. मी बैलपोळा घेतला आणि अडलो. खांदेमळणी, हिंगूळ, बेगड यांना जर्मन शब्द सापडेनात हे ठीक. पण कशानंतर काय करतात हेच मला धड ठाऊक नव्हते. जमीन गेली, बैल विकले, तेव्हा मी तिसरीत होतो. वडिलांना विचारले. ते रात्री अकरापर्यंत सांगत बसले. माझ्या अभ्यासात त्यांनी मदत करण्याची ही पहिलीच वेळ. दहाही वाक्ये भूतकाळात झाली. भूतकाळाचा सराव म्हणून मुद्दाम केलेस का, असे बाईंनी विचारले. मी नाही म्हणालो.

माझी सूचना साधी आहे. आपल्या कॉलेजात जर्मनचा वर्ग निघावा आणि त्याचा पहिला धडा ज्याच्या त्याच्या घरच्या सणावर लिहून घ्यावा. प्राध्यापकांनी विचार करावा. खोलीची अडचण नाही. जिन्याशेजारची दुपारी रिकामीच असते.