संस्था की वतन?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल मांडलं. बापानंतर पोरगा, पोरानंतर नातू, पिढ्यान्‌पिढ्या तीच साखळी त्यांना तोडायची होती. ती वतनं जायला १९५८चा कायदा यावा लागला. गावकीची वतनं गेली. पण दोस्तहो, आपल्याच संस्थांत नवी वतनं उगवलीत, त्यांचं काय?

वसतिगृहाचा सेक्रेटरी बाप, खजिनदार पोरगा, बांधकामाचा ठेकेदार मेहुणा, धान्य पुरवणारा चुलतभाऊ. शाळेत मास्तर नेमायचा तर सोयरीक आधी, अर्ज नंतर. विहाराचा हॉल लग्नाला दिला, तर भाड्याची पावती कुणी फाडली, कुणालाच ठाऊक नाही. महारकी टाकली आणि पाटीलकी उचलली, एवढाच बदल!

वकील याला हितसंबंधांची टक्कर म्हणतात. आम्ही साधं विचारतो : सही संस्थेची आणि पैसा जाणार सही करणाऱ्याच्याच घरात, तर हा गडी भाव पाडणार कुणासाठी आणि चढवणार कुणासाठी?

यावर पुढाऱ्यांचं उत्तर ठरलेलं. 'त्यांचे कारखाने बघा, त्यांची कॉलेजं बघा, बापाची जहागीर झालीय. आमच्याच अंगावर का येता?' त्यांच्या लुटीचा हिशेब आम्ही मागतोय आणि मागत राहू. पण त्यांच्या लुटीनं आपली चोरी धुऊन निघत नाही. त्यांचं एक बुडालं तर दहा उभी आहेत. आपलं एक वसतिगृह बुडालं तर खेड्यातल्या पोरीची शाळाच सुटते. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं ते अशा पोरांसाठी, विश्वस्तांच्या जावयांसाठी नव्हे.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आपली वस्ती म्हणजे सगळे एकमेकांचे सोयरे. गवंडी शोधायला जा, कुणाचा तरी भाचाच निघणार. कदाचित तोच स्वस्तात चोख काम करील. नातं असणं हा गुन्हा नाही. नातं लपवून ठरावाला हात वर करणं हा गुन्हा आहे.

१९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या नियमांनी हेच प्रश्न ऑडिटरवर टाकलेत. विश्वस्तांपैकी कुणी संस्थेचा देणेकरी-घेणेकरी आहे का? संस्थेच्या गुंतवणुकीत कुणाचा हितसंबंध आहे का? ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला टेंडर मागवलं का? याची उत्तरं रिपोर्टात लिहावी लागतात. रिपोर्ट मात्र कपाटात, आणि कपाटाची किल्ली सेक्रेटरीच्या खिशात!

आणि कायदाच कशाला हवा? २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बाबासाहेबांनी भिक्खू संघाची आठवण करून दिली. ठराव, गणपूर्ती, मतदान हे सारं त्या संघाला ठाऊक होतं. संघाचा विहार आणि त्याची जमीन कुणाला देऊन टाकायची नाही, हा तर विनयाचाच दंडक. एका भिक्खूनं नाही, अख्ख्या संघानं ठरवलं तरी नाही! दीक्षा घेतली म्हणता, मग हा नियम कुठल्या कपाटात ठेवलात?

आमची मागणी एवढीच आहे. दरसाल प्रत्येक विश्वस्तानं आपला धंदा, आपली नाती आणि संस्थेशी असलेला पैशाचा व्यवहार लिहून द्यावा. नातेवाइकाचा विषय निघाला की उठून बाहेर जावं, आणि तो बाहेर गेला हे प्रोसिडिंग बुकात लिहावं. तीन ठिकाणचे भाव मागवून सगळ्यांसमोर फोडावेत. सेक्रेटरी आणि खजिनदार एका घरातले नसावेत. ऑडिट रिपोर्ट विहाराच्या भिंतीवर लावावा.

जो हे मागेल त्याला फुटीर म्हणतील, विकला गेला म्हणतील. म्हणू द्या. चळवळ हिशेब मागणाऱ्यानं फुटत नाही, हिशेब दाबणाऱ्यानं फुटते. पोरांनो, १४ एप्रिलची मिरवणूक जोरात काढा. पण निळा झेंडा खांद्यावर घेण्याआधी वर्गणीचा आणि संस्थेचा हिशेब वस्तीसमोर मोठ्यानं वाचायला लावा. ज्या बायांनी भांडी घासून पाच-पाच रुपये दिलेत, त्यांना तो ऐकायचा हक्क आहे.

जय भीम!