बळी तो कान पिळी

‘सीबी’ ही दोन अक्षरे आपल्याकडच्या वाचकाला फारशी ओळखीची नाहीत. सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला रेडिओलहरींचा पट्टा. मोबाइल फोन यायच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि हौशी मंडळींच्या हातात हा बोलका रेडिओ आला होता. परीक्षा नको, दरमहा बिल नको. बटण दाबायचे आणि बोलायचे, बटण सोडायचे आणि ऐकायचे. एका वेळी एकानेच बोलायचे, एवढीच काय ती रीत. मोबाइलने त्याची गरज पुष्कळ कमी केली असली तरी ही हौस मेलेली नाही. आणि या हौशी मंडळींत गेली पन्नास वर्षे एक वाद चालू आहे. नियम मोडून रेडिओ वापरणाऱ्याचे करायचे काय? वाद दूरदेशीचा खरा, पण त्यातली माणसे आपल्या गल्लीतलीच वाटावीत अशी आहेत.

१९५८ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा ‘हॅम’ रेडिओवाल्यांकडून काढून घेतला आणि त्यावर सामान्य नागरिकांसाठी २३ चॅनेल पाडून दिले. उद्देश साधा होता. प्लंबरने दुकानाशी बोलावे, शेतकऱ्याने घरी निरोप द्यावा. त्यासाठी परवाना घ्यायचा, प्रत्येक वेळी आपली नोंदणीखूण सांगायची, शक्ती अगदी थोडी वापरायची. सुरुवातीच्या काळात तर नुसत्या हौसेखातर गप्पा मारायलाही बंदी होती. माणसाच्या हाती बोलायचे यंत्र द्यायचे आणि कामापुरतेच बोल म्हणायचे, हे किती दिवस चालणार?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले. डिझेलची टंचाई झाली. इंधन वाचवण्यासाठी १९७४ च्या आरंभी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. मैलामागे पैसे मिळणाऱ्या ट्रकवाल्यांच्या पोटावरच पाय आला. मग कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या वळणावर पोलीस दबा धरून बसला आहे, याच्या बातम्या सीबीवरून पुढे सरकू लागल्या. पोलिसाला नाव पडले ‘स्मोकी’. प्रत्येकाने स्वतःला एकेक टोपणनाव घेतले. १९७५ साली ‘कॉन्व्हॉय’ नावाचे गाणे गाजले, १९७७ साली ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट आला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड याही ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने सीबीवर बोलल्या. १९७७ च्या १ जानेवारीपासून चॅनेल २३ चे ४० झाले. परवान्यांचे अर्ज लाखांनी येऊ लागले आणि परवान्याशिवाय बोलणारे तर मोजदादीपलीकडे गेले. शेवटी १९८३ साली सरकारने परवानाच रद्द करून टाकला.

इथे माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. मी बँकेत ३६ वर्षे काढली, त्यांतली काही तपासणी विभागात. नियम कसे मरतात ते मी जवळून पाहिले आहे. कुठल्याशा जुन्या परिपत्रकानुसार शाखांनी दर आठवड्याला एक तक्ता हाताने भरून वर पाठवायचा, आणि वर तो कुणी वाचायचा नाही. शाखेतला कारकून मग गेल्या आठवड्याचेच आकडे उतरवून काढी. कुणाचे काही बिघडत नसे. पण त्याच शाखांत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. एका लहान गावातल्या शाखेत तपासणीला गेलो, तेव्हा दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात आढळल्या. विचारले तर उत्तर आले, ‘‘साहेब, सगळेच नियम पाळत बसलो तर काम कधी करायचे?’’

‘सगळेच नियम’ या दोन शब्दांत सारी गोम आहे. निरुपयोगी तक्ता आणि किल्लीचा नियम त्या गृहस्थांच्या लेखी एकाच फायलीतले होते. पहिला मोडला तर फक्त कागद दुखावतो; दुसरा मोडला तर दुसऱ्या कुणाची ठेव धोक्यात येते. पहिला मोडता मोडता हात दुसऱ्यालाही सरावतो.

सीबीचे नेमके हेच झाले. त्या नियमपुस्तिकेत दोन्ही जातींचे नियम शेजारी शेजारी बसले होते. सुमारे २५० किलोमीटरपलीकडच्या माणसाशी बोलायचे नाही, असा एक नियम होता. आता २७ मेगाहर्ट्झच्या लहरींचा स्वभावच असा, की सूर्यावरचे डाग वाढले की त्या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरतात. चार वॉटवर बोलणाऱ्या माणसाला अचानक दुसऱ्या खंडातून उत्तर येते! त्याने काय कान झाकून घ्यायचे? हा नियम कुणी मनापासून पाळला नाही आणि २०१७ साली तो काढून टाकला गेला. योग्यच झाले.

पण त्याच पुस्तिकेत शक्तीची मर्यादाही आहे. नेहमीच्या एएम पद्धतीत ४ वॉट, याहून जास्त नाही. रेडिओला बाहेरून शक्तिवर्धक, म्हणजे ‘लिनिअर’ जोडायला बंदी. या नियमावरून मात्र मंडळी आजही एकमेकांवर तुटून पडतात.

लिनिअर वापरणाऱ्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तो म्हणतो, की चार वॉटमध्ये हमरस्त्यावर काही मैलांपलीकडे आवाज जात नाही. चॅनेलवर इतका गोंगाट आहे, की सभ्यपणे बोलणाऱ्याला कुणी ऐकतच नाही. शिवाय सगळेच वापरतात, मग मीच का मुका राहू? सरकारचे निरीक्षक वर्षानुवर्षे फिरकत नाहीत. ज्या नियमाचा रखवालदार नाही त्याला नियम तरी कसे म्हणायचे?

आता हिशेब पाहू. चार वॉटचे शंभर केले म्हणजे शक्ती २५ पट झाली. पण ऐकणाऱ्याच्या रेडिओवरचा काटा एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट व्हावी लागते. म्हणजे पंचवीसपट शक्ती ओतून काटा सरकतो जेमतेम सव्वादोन घरे. बोलणाऱ्याला मिळाले ते एवढेच. इतरांनी गमावले ते बरेच. स्वस्त, बेसुमार ताणलेल्या लिनिअरमधून आवाज शेजारच्या चॅनेलवर सांडतो. लहरींची दुप्पट करा, ५४ होतात. अमेरिकेतले जुने दोन नंबरचे टीव्ही चॅनेल तिथूनच सुरू होत असे. शेजारीण आपली मालिका बघत बसलेली असताना पडद्यावर रेघा उठत आणि ट्रकवाल्याच्या गप्पा ऐकू येत, त्या यामुळेच. आणि एकाने शंभर केले की दुसरा दोनशे करतो. सगळ्यांनी वाढवल्यावर प्रत्येक जण पुन्हा पहिल्याच जागी. फक्त गोंगाट वाढलेला आणि चार वॉटवाला कायमचा गप्प. बळी तो कान पिळी ही म्हण इथे अक्षरशः खरी होते.

मग सरकारने काय केले? १९७८ साली २४ ते ३५ मेगाहर्ट्झमध्ये चालू शकणाऱ्या शक्तिवर्धकांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंदी घातली. ऐकायला कडक. पण त्याच टप्प्यात हॅम मंडळींचा दहा मीटरचा पट्टाही येतो. त्यांनी परीक्षा दिलेली, परवाना घेतलेला, त्यांना शक्तिवर्धक वापरायचा कायदेशीर हक्क. त्यांना बाजारात सरळ यंत्र मिळेना. आणि सीबीवाल्यांना आडमार्गाने मिळतच राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी! ही बंदी उठायला २००६ साल उजाडले. बँकेतही हाच न्याय पाहिला आहे. एका बड्या कर्जदाराने बुडवले की पुढच्या शंभर प्रामाणिक कर्जदारांकडून तीन कागद जास्त मागायचे.

इंग्लंडची गोष्ट थोडी वेगळी. तिथे सीबीला मुळात परवानगीच नव्हती. लोकांनी अमेरिकी धाटणीचे सेट चोरून आणले, मोर्चे काढले, आणि १९८१ च्या नोव्हेंबरात सरकार नमले. पण नमताना त्याने मान्यता दिली ती एफएम पद्धतीच्या वेगळ्या सेटना. लोकांच्या घरातले एएम सेट बेकायदाच राहिले. त्यांना मान्यता मिळायला २०१४ साल लागले. एवढ्या काळात नियम मोडण्याची सवय किती मुरली असेल, याचा विचार करावा.

परवाना रद्द केला ते बरे केले, असे मी वर सुचवले. पण त्याला दुसरीही बाजू आहे, ती लपवू नये. परवान्याबरोबर माणसाचे नावही गेले. हॅम मंडळींत जुनी चाल होती : कुणाचा आवाज पसरट येऊ लागला, की त्यांच्या संघटनेचा स्वयंसेवक नोंदणीखुणेवरून पत्ता शोधून एक साधे पोस्टकार्ड टाकी. तुमचे यंत्र जरा तपासून घ्या, एवढेच. बहुतेक माणसे तेवढ्यावर सुधारतात, कारण आपल्याला कुणीतरी ओळखते हे त्यांना कळते. सीबीवर उरली ती टोपणनावे. टोपणनावाला पोस्टकार्ड कुठे पाठवणार? मग उरतो तो दंड, आणि त्यासाठी आधी माणूस सापडावा लागतो. २००० साली अमेरिकी कायद्याने स्थानिक शासनांनाही सीबीचे काही नियम अमलात आणायची मुभा दिली, ती शेजाऱ्यांच्या तक्रारी वॉशिंग्टनपर्यंत पोचून काही होत नाही म्हणूनच.

आपल्याकडे रेडिओ नुसता ऐकायलाही एकेकाळी परवाना लागे. पोस्टातून मिळणारी ती पुस्तिका आमच्या घरी रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलेली असे. १९८० च्या दशकात ती इतिहासजमा झाली. सीबी पट्ट्यातली पाच वॉटपर्यंतची साधने २००५ पासून परवान्याविना वापरता येतात. पण आता घरबसल्या मागवलेले वॉकीटॉकी येतात, आणि ते कुठल्या लहरींवर बोलतात हे घेणाऱ्यालाही माहीत नसते. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि नियमावली जाहीर केली, ती याचसाठी. खेळण्यासारखे दिसणारे ते यंत्र पोलीस किंवा रुग्णवाहिकेच्या संभाषणात घुसू शकते. ट्रेकला निघालेल्या मुलाच्या पाठपिशवीत ते असेल, तर खोक्यावरचे आकडे आईबापांनी एकदा वाचावेत.

आणि रेडिओ राहू द्या. गणपतीत एका मंडळाच्या भिंतीएवढ्या स्पीकरला दुसरे मंडळ दीड भिंतीने उत्तर देते, तेव्हा वेगळे काय चाललेले असते? रात्री दहाची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ‘‘सगळेच वाजवतात’’ हे उत्तरही तेच.

माझे मत विचाराल तर ते असे. ज्या नियमाने कुणाचेच रक्षण होत नाही, तो सरकारने लाज न बाळगता काढून टाकावा. त्याच्या संगतीने चांगले नियम बिघडतात. जो नियम दुसऱ्याची पाळी राखतो, तो मात्र रखवालदार असो वा नसो पाळावा, आणि मोडणाऱ्याला आधी शेजाऱ्याने सांगावे, पोलिसाने नंतर. याला कुणी चुगली म्हणेल. म्हणू द्यावे. हवा कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नाही. तिच्यात बोलायची प्रत्येकाची पाळी आहे, आणि चार वॉटवर हळू आवाजात बोलणाऱ्याचीही आहे. कदाचित त्याच वेळी तो अपघाताची खबर देत असेल.