इंजिनाची झोपमोड

मुलांनो, परवा वर्गात नारळी पौर्णिमेची गोष्ट निघाली. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, माशांची वीणही चालू असते. म्हणून कोकणात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवतात. चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला, "सर, दोन महिने बंद असलेलं इंजिन लगेच चालू होतं का?"

शाब्बास! आपल्या परभणीत समुद्र नाही, पण याचं उत्तर आपल्या विहिरीवरच आहे. मच्छीमारांच्या मोठ्या होडीत काय आणि विहिरीवर काय, दोन्हीकडं डिझेल इंजिनच.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तुमच्याएवढा होतो. दिवाळी झालेली, गहू पेरून वीस दिवस झालेले. गव्हाला पहिलं पाणी याच सुमाराला लागतं, नवी मुळं फुटायची वेळ असते. भारनियमनामुळं मोटार बंद. आबा बाजारला गेलेले. काका म्हणाले, "कशाला थांबायचं? एका हँडलात चालू करतो बघ!"

चार महिने झोपलेलं इंजिन. काकांनी हँडल मारलं आणि ते उलटं फिरलं. काकांचं मनगट मोडलं! दवाखान्याच्या धावपळीत गव्हाचं पाणी आठ दिवस लांबलं.

असं का झालं? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत हे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यातली युक्ती हीच. आतली हवा पंधरा-वीस पट दाबली की इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. पण हँडल पुरेशा वेगानं फिरलं नाही, तर दट्ट्या वर पोचण्याआधीच भडका उडतो आणि चाक मागं फिरतं.

आबांची रीत वेगळी होती. आधी धुराड्यावरचा डबा काढून आत बघायचे; कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असायचं. मग टाकीच्या तळाचं पाणी सोडायचे. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं. ऑईल बघायचे. मग डोक्यावरची लिव्हर उचलून हँडल हळूहळू पंधरा-वीस वेळा फिरवायचे. लिव्हर उचलली की हवा दाबली जात नाही, भडका उडत नाही. महिनोन्‌महिने खाली निथळलेलं ऑईल सगळ्या भागांना लागतं. नंतर डिझेलच्या नळीतली हवा काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत. आणि शेवटी हँडल! अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे उलटं फिरलं तरी हात सुटतो. वेग आला की लिव्हर पाडायची. धक्‌... धक्‌... धडधडधड!

आबा तेवढ्यावर हलायचे नाहीत. इंजिन थंड ठेवणारं पाणी नळीतून बाहेर येतंय का, ते हात लावून बघायचे.

होडीवर तर हे फारच महत्त्वाचं. पुष्कळ होड्यांचं इंजिन समुद्राच्याच पाण्यानं थंड राहतं. ते पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडायचा विसरला, तर इंजिन तापून बंद पडतं. विहिरीवर इंजिन बंद पडलं तर आपण घरी जाऊन जेवू. भर दर्यात कुठं जाणार? म्हणून शहाणा तांडेल आधी किनाऱ्याजवळच इंजिन चालवून बघतो.

करून बघा : सायकलच्या पंपानं भराभर हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हळूच बोट लावा. काय जाणवलं? तेच डिझेल इंजिनाचं गुपित!

पालकांनो, इंजिन चालू करताना मुलांना चाकापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. बंद खोलीत तर इंजिन कधीच चालवू नका. त्याच्या धुरात न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू असतो.

आणि हो, जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मला आबा आठवतात. पहिल्याच दिवशी मी पाढे विचारत नाही. आधी गोष्ट, मग गाणं. चौथ्या दिवशी वर्ग कसा धडधडायला लागतो!