रिकामा रकाना ही कारकुनी चूक?

गर्भवतीची सोनोग्राफी करताना भरायच्या ‘एफ फॉर्म’मधला एखादा रकाना रिकामा राहिला, तर त्याला काय म्हणायचे? अनेक डॉक्टर म्हणतात, कारकुनी चूक. कायदा म्हणतो, गुन्हा. असा वाद कोल्हापूरला नवा नाही.

२००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. कोल्हापूर जिल्ह्यात फक्त ८३९. पुढे जिल्हा प्रशासनाने एफ फॉर्म ऑनलाइन भरण्याचा आणि सोनोग्राफी यंत्राला तपासणीचे चित्रण साठवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवण्याचा आदेश काढला. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायद्याचा हेतू लक्षात घेऊन तो आदेश कायम ठेवला.

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४(३)नुसार नोंदीतील उणीव हा कायद्याचा भंगच मानला जातो. तसे नसल्याचे डॉक्टरने सिद्ध करायचे असते. ही तरतूद जाचक असल्याची स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी फेटाळली.

हे कठोर वाटते, पण कारण वैद्यकीय वास्तवात आहे. लिंगनिदानाचा मागमूस उरत नाही. बंद खोलीत ‘पेढे वाटा’ एवढे दोन शब्द पुरतात. गर्भपात दुसऱ्याच गावी होतो आणि त्याचे कारणही वेगळेच लिहिले जाते. मागे राहतो तो फक्त कागद. सोनोग्राफी कशासाठी केली, किती आठवडे झाले होते, आधीची अपत्ये मुलगे की मुली, हे त्या कागदावरच कळते. तो कोरा ठेवायची मुभा दिली, तर कायद्याच्या हाती काहीच उरत नाही.

मात्र हेतू पाहण्याचा नियम तपासणी अधिकाऱ्यांनाही लागू व्हायला हवा. पत्त्यातील चुकलेली वेलांटी आणि सोनोग्राफीच्या कारणाचा कोरा रकाना यांना एकाच मापाने मोजले, तर प्रामाणिक डॉक्टर भरडला जातो आणि कायद्याबद्दलचा आदरही कमी होतो. खुलासा करण्याची संधी कायद्यानेच दिली आहे. यंत्राला सील ठोकण्याआधी तो खुलासा नीट ऐकला पाहिजे.

डॉक्टरांनीही फॉर्म सहायकावर सोपवून मोकळे होऊ नये. पूर्ण भरलेला एफ फॉर्म हा प्रामाणिक डॉक्टरचा सर्वांत भक्कम साक्षीदार असतो.