आरोग्य : ईसीजी झाला, मग इको-सीटी कशासाठी?

घरातल्या वडीलधाऱ्यांना छातीत धडधडते, धाप लागते. ईसीजी पाहून डॉक्टर सांगतात, 'एट्रियल फिब्रिलेशन' आहे. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन न पावता नुसते थरथरतात. आजार कळला, मग आणखी तपासण्यांचा खर्च कशाला, असे घरच्यांना वाटते.

ईसीजी ठोक्यांचा ताल सांगतो. हृदयाची घडण सांगायला चित्र लागते. छातीवरून केलेल्या साध्या इकोत झडपा, कप्प्यांचा आकार आणि हृदयाची ताकद दिसते. आपल्याकडे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आजही आढळतात. झडप बरीच अरुंद असेल, तर रक्त पातळ ठेवण्यासाठी नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिनच देतात.

खरा धोका गुठळीचा. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळते. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. गुठळी बहुधा तिथेच धरते. अशा वेळी शॉक देऊन ताल सुधारला, तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते आणि लकवा होतो. म्हणून त्रास 48 तासांहून जुना असेल किंवा कधी सुरू झाला हे ठाऊक नसेल, तर आधी किमान 3 आठवडे रक्त पातळ करणारे औषध देतात, किंवा घशातून नळी उतरवून इको करतात. शॉकनंतरही किमान 4 आठवडे औषध चालू राहते. रक्तदाब कोसळला असेल, तर मात्र थांबायला वेळ नसतो.

1998 मध्ये फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवले, की हे चुकार ठोके बहुतेकदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. ॲब्लेशनमध्ये त्या तोंडांभोवतीच डाग देतात. शिरा साधारण 4 असतात, पण काहींना 3 किंवा 5. सीटी स्कॅनमुळे हा नकाशा आधीच हाती येतो. खालच्या कप्प्यातून उठणाऱ्या घातक ठोक्यांत एमआरआय जुन्या अटॅकचा व्रण दाखवतो.

मूत्रपिंडाचा विकार, पेसमेकर, औषधाची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर तपासणीआधी सांगा. रमजानमध्ये रोजे धरायचे असतील, तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. स्वतः बदलू नका, एकही गोळी चुकवू नका. आणि प्रत्येक तपासणीआधी नि:संकोच विचारा, "हिच्यामुळे उपचारात काय बदलेल?" चांगला डॉक्टर याचे उत्तर देतोच.