पंचाहत्तर हजार आणि प्रभूची प्रार्थना

दर रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ठिकाणी माझा आवाज आपोआप खाली जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेत मूळ ग्रीक शब्द 'देणं' या अर्थाचा आहे, आणि आम्ही लहानपणी पाठ केलेल्या मराठी प्रार्थनेतही 'ऋण' हाच शब्द होता. जे 'अपराध' म्हणतात त्यांचं बरं असतं, सगळं कसं मोघम राहतं. 'ऋण' म्हटलं की मला थेट आकडा दिसतो. पंचाहत्तर हजार. आणि तो आकडा ज्याच्याकडे आहे तो माझ्यापुढे दोन बाकं सोडून बसलेला असतो.

झालं असं, की २०२१ च्या जूनमध्ये त्याचा फोन आला. संडे स्कूलपासूनची आमची मैत्री. लॉकडाऊनमध्ये धंदा बसला होता, मुलीची कॉलेजची फी भरायची होती. "नाताळापर्यंत देतो" म्हणाला. मी दिले. कागद नाही, साक्षीदार नाही. आपल्या माणसांत कागद कसला? तो नाताळ गेला, पुढचाही गेला. धंदा पुन्हा सुरू झाला. २०२३ मध्ये त्याच्या दारात नवी मोटारसायकल आली. मी काही बोललो नाही. ख्रिस्ती माणसानं पैशासाठी तोंड वाईट करू नये, असं स्वतःला सांगत राहिलो. पण त्यांनी कुठं बाहेर जेवायला गेल्याचा फोटो टाकला, की मी मनात ताटांचा हिशोब करायचो. बायको म्हणायची, "एक तर मागा, नाहीतर विसरा. हे मधलं काय चाललंय?"

(हे वाचणाऱ्या नातेवाइकांना विनंती, नाव ओळखायच्या मागे लागू नका. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.)

शेवटी गेल्या वर्षी मी त्याला मेसेज केला. अगदी सौम्य शब्दांत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात फक्त संदर्भ होता: लूक ६, ३४ आणि ३५. परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या, असं प्रभू जिथं सांगतो तो भाग. खाली हात जोडल्याचं चित्र.

मला इतका राग बऱ्याच वर्षांत आला नव्हता. रागामागचं कारण शोधायला दोन दिवस गेले. वचन खोटं नव्हतं. पण ते माझ्यासाठी होतं, त्याच्यासाठी नव्हतं! ते देणाऱ्याला सांगितलंय. घेणाऱ्यासाठी बायबलमध्ये वेगळी वचनं आहेत आणि ती काही फार गोड नाहीत. सदतिसाव्या स्तोत्रात उसनं घेऊन न फेडणाऱ्याला सरळ दुर्जन म्हटलंय. पौल रोमकरांना लिहितो की प्रीतीखेरीज कुणाचं काही देणं ठेवू नका. आणि वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. मनात ज्याच्या आहे तो इथं मी. म्हणजे उठून यायचं होतं त्यानं. शेजाऱ्याच्या वाटणीचं वचन शेजाऱ्याला वाचून दाखवणं फार सोपं असतं. अर्थात हे मीही तेच करतोय, त्याच्या वाटणीची वचनं इथं मांडून. असो.

माझ्या वाटणीचं म्हणून मी मत्तयाचा अठरावा अध्याय पुन्हा काढला. निर्दय चाकराचा दृष्टांत आपण सगळ्यांनी दहादा ऐकलाय. राजानं त्याचं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं आणि यानं बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबतीचा गळा धरला. उपदेशात नेहमी सांगतात की शंभर दीनार म्हणजे किरकोळ रक्कम. किरकोळ कशी? दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी ज्यानं उसनी दिली त्याला विचारा किरकोळ आहे का. आता एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दहा हजार तलांत फेडायला दोन लाख वर्षं लागतील. म्हणजे प्रभूनं धाकटं कर्ज खोटं ठरवलं नाही, ते खरंच होतं आणि दुखणारंही होतं. फक्त ते कशाशेजारी ठेवून पाहायचं ते सांगितलं. हे समजल्यावर मला थोडं हलकं वाटलं. माझं दुखतंय हे कबूल करायला हरकत नाही, एवढं तरी कळलं.

दुसरी गोष्ट अशी, की याच अध्यायात दृष्टांताच्या आधी काय आहे ते आपण विसरतो. भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा, एकट्यानं, आणि त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. मग मंडळीला सांग. क्षमेचा दृष्टांत त्यानंतर येतो. मी काय केलं होतं? गेलोच नव्हतो. चार वर्षं गप्प राहिलो आणि त्याला क्षमा समजत होतो. लेवीय १९ मध्ये तर हे अगदी रोखठोक आहे: भावाचा मनात द्वेष करू नकोस, त्याला स्पष्ट बोल. मी बरोबर उलटं केलं. बोललो नाही आणि द्वेष मात्र केला.

कोर्टाचं म्हणाल तर पौल करिंथकरांना विचारतो, भावाभावांत न्यायालयात जाण्यापेक्षा तोटा का सोसत नाही? हे पाळणं मला अजिबात अवघड गेलं नाही. वकील मित्रानं सांगितलं की १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार अशा हातउसन्या पैशाला तीन वर्षं, आणि ती केव्हाच संपली. कागदही नाही. तेव्हा या बाबतीत मी आपोआप शास्त्राप्रमाणे वागलो!

मग एका संध्याकाळी गेलो त्याच्या घरी. जाताना अनुवाद २४ डोक्यात होता. गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल, असा तो नियम आहे. केवढी माणुसकी आहे त्यात. गरिबाची घरातली अब्रू राखायची. आमच्या नगर-पुण्याच्या मुलखात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्या सावकारांना हा नियम कुणी सांगितला असता तर! पण मी सावकार नाही आणि तो कूळ नाही. दोघंही पगाराच्या आणि धंद्याच्या पैशांवर महिना काढणारी माणसं. तरी दारातच उभा राहिलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणला आणि त्या आत निघून गेल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी त्याला विचारलं, "तुला जमत नाही, की द्यायचे नाहीत? जमत नसेल तर आत्ता इथं सांग, मी सोडतो. तोंडानं सोडतो, पुन्हा कधी मागणार नाही. पण द्यायचे नसतील तर तेही सांग."

हा माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. देणं सोडायचं असेल तर ते देणेकऱ्याला कळलं पाहिजे. मनातल्या मनात सोडलेलं कर्ज त्याला मोकळं करत नाही आणि आपल्यालाही नाही. ती नुसती लांबवलेली वसुली असते. पौलानं फिलेमोनाला अनेसिमबद्दल लिहिलं, तेव्हा त्याच्यावर काही देणं असलं तर विसरून जा असं नाही लिहिलं. ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सोडू नकोस. सोडलेस तर मला तुझ्यासमोर कधीच बसता येणार नाही." महिन्याला दोन हजार ठरले. लूकचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

तीन हप्ते आले. तिसरा हप्ता द्यायला वहिनीच आल्या होत्या, पाकिटावर तारीख घालून. गेल्या महिन्यात कुणी आलं नाही. या रविवारी उपासना संपली की मी त्याला गेटपाशी गाठून विचारणार आहे.