थेऊरला कोण कोण येतं

सदर : पानापलीकडे

थेऊरला येणारी माणसं दोन प्रकारची. पहिली अष्टविनायकाच्या यात्रेतली. चिंतामणीचं दर्शन घ्यायचं, पेढा तोंडात टाकायचा आणि गाडी सुटायच्या आत आपली जागा धरायची. दुसरी माणसं देवळातून बाहेर आली की जरा घुटमळतात आणि एखाद्या फुलवालीला हळूच विचारतात, "रमाबाईंची समाधी कुठं आहे हो?" ही दुसरी माणसं हमखास 'स्वामी' वाचून आलेली असतात.

मी दुसऱ्या प्रकारातली. दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. आत्याच्या कपाटातलं 'स्वामी' हाती लागलं. तिची प्रत इतकी वाचलेली की पाठीला दोनदा पुठ्ठा चिकटवलेला. तीन दिवसांत संपवलं आणि चौथ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन थेऊरची बस पकडली. घरी सांगितलं, गणपतीला चाललोय. ते खोटं नव्हतं. मुळा-मुठेच्या काठी समाधीपाशी अर्धा तास बसून मी यथासांग रडले. मैत्रीण पुस्तक न वाचताच आली होती. ती कंटाळून पाण्यात खडे टाकत होती.

थोरले माधवराव पेशवे याच थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयानं गेले. वय सत्तावीस. त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. इतकं इतिहास सांगतो. पण त्या दिवशी मला पुण्याहून थेऊरपर्यंत आणलं होतं ते इतिहासानं नव्हे, 'स्वामी' लिहिणाऱ्या रणजित देसायांनी. रमा-माधवाच्या संसाराबद्दल, त्यांच्या बोलण्याबद्दल, रुसव्याफुगव्यांबद्दल जे काही मला 'माहीत' होतं, त्यातलं फार थोडं कुठल्या दप्तरात सापडेल. आणि रडू तर नेमकं त्याच भागासाठी आलं होतं.

हे आठवायचं कारण एक जपानी कादंबरी. गेले काही महिने मी ती इंग्रजी अनुवादातून, मजल दरमजल करत वाचते आहे. जपानी पेपरबॅकमध्ये आठ खंड. नाव 'ऱ्योमा गा युकु', म्हणजे ढोबळ मानानं 'ऱ्योमा निघाला'. लेखक शिबा ऱ्योतारो. सान्केई नावाच्या दैनिकात ती रोज थोडीथोडी छापून येऊ लागली जून १९६२ मध्ये आणि १९६६ पर्यंत चालली. 'स्वामी'ही १९६२ चीच. योगायोगच, पण मला त्यातून सुटका नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि पानिपताला नुकतीच दोनशे वर्षं पूर्ण झाली होती. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर बसून पडझड सावरणारा पेशवा त्या वाचकांना का आवडला असेल, हे वेगळं सांगायला नको. तिकडे जपान हरलेलं युद्ध मागे टाकून कारखान्यांतून उभा राहत होता. लोकलमध्ये उभ्यानं पेपर वाचणाऱ्या नोकरदाराला शिबांनी एक तरुण दिला. कर्जबाजारी नाही, लाचार नाही, कुणाच्या आज्ञेत नाही असा.

हा तरुण साकामोतो ऱ्योमा. खराखुरा माणूस, जन्म १८३६ चा, तोसा संस्थानातल्या कोची गावचा (केरळातली कोची नव्हे). जातीनं सामुराई खरा, पण खालच्या पायरीवरचा. तोसात वरचे सामुराई आणि खालचे सामुराई यांत इतकं अंतर की पोशाखापासून उठण्याबसण्यापर्यंत सगळ्याला नियम. १८६२ मध्ये तो संस्थानाची परवानगी न घेता सीमा ओलांडून निघून गेला. तेव्हा हा गुन्हा होता, मागे राहिलेल्या घरच्यांनाही भोवणारा. पुढे त्यानं नागासाकीत एक जहाजी मंडळी उभी केली. तिचं नाव काइएन्ताई, निशाण तांबडं-पांढरं-तांबडं. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सात्सुमा आणि चोशू या दोन बलाढ्य संस्थानांत १८६६ मध्ये समेट झाला, त्यात त्यानं मध्यस्थी केली. पुढच्याच वर्षी क्योतोतल्या एका व्यापाऱ्याच्या घरात मारेकऱ्यांनी त्याला गाठलं. तेव्हा तो बत्तीस वर्षांचाही नव्हता.

तो अगदीच विस्मृतीत गेला होता असं नाही. कोचीच्या समुद्रकाठी तिथल्या तरुणांनी १९२८ मध्येच त्याचा पुतळा उभा केला होता. पण घराघरातला ऱ्योमा, हसरा, केस विस्कटलेला, बहिणीला लांबलचक पत्रं लिहिणारा, हा शिबांचा. कादंबरीच्या आजवर अडीच कोटींच्या आसपास प्रती खपल्या. कोचीच्या विमानतळाच्या नावात २००३ मध्ये 'ऱ्योमा' आला. क्योतोच्या डोंगरउतारावर त्याची समाधी आहे. तिथे येणारे लोक दगडी पाट्यांवर त्याला उद्देशून मजकूर लिहून ठेवतात. कुणी आभार मानतं, कुणी नवस बोलावा तसं काहीतरी मागतं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याची ही सोय थेऊरला नाही. असती तर मी लिहिलं असतं.

आता या कादंबरीचा एक वाचक. १९५७ मध्ये क्यूशू बेटावरच्या तोसू गावी जन्मलेला एक मुलगा. आजीआजोबा कोरियातून आलेले, वस्ती गरिबांची. घराचं आडनाव कोरियन, पण चारचौघांत वापरायचं ते जपानी, कारण खऱ्या आडनावानिशी जगणं सोपं नव्हतं. सोळाच्या आसपास त्यानं शिबांचा ऱ्योमा वाचला. वडील आजारी, घरचे नको म्हणत असताना शाळा सोडून १९७४ मध्ये तो अमेरिकेला गेला. आपल्या या निघून जाण्याची तुलना तो आजही ऱ्योमाच्या सीमा ओलांडण्याशी करतो. परतल्यावर धंदा सुरू करताना त्यानं लपवलेलं कोरियन आडनावच लावलं. काविळीच्या चिवट दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा कादंबरी पुन्हा वाचून काढली. हा मासायोशी सोन, सॉफ्टबँकेचा संस्थापक. सॉफ्टबँकेचं बोधचिन्ह म्हणजे दोन आडव्या रेघा. त्या काइएन्ताईच्या निशाणावरून घेतल्या आहेत. या कंपनीनं आपल्याकडे ओला, पेटीएम अशा उद्योगांत पैसा घातला. म्हणजे कोथरूडहून स्टेशनला जायला तुम्ही ओलाची रिक्षा बोलावता, त्या व्यवहाराच्या एका टोकाला १९६२ च्या जपानी पेपरातली क्रमशः कादंबरी आहे. गंमत म्हणून सांगते. पण ही गंमत खोटी नाही.

मला सोनच्या पैशात रस नाही. मला रस आहे तो यात, की ज्या देशानं त्या पोराला परकं मानलं, त्याच देशाच्या वीरकथेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. कारण शिबांनी ऱ्योमाच्या थोरवीआधी त्याचं हिणवलं जाणं लिहिलं होतं. माझी आत्या पेशवीण नव्हती. आपटे रोडच्या दोन खोल्यांत तिचं आयुष्य गेलं, आणि नवरा आजारात गेला तेव्हा ती तिशीतही नव्हती. तिच्या 'स्वामी'ला दोनदा पुठ्ठा का लागला, हे मला कळायला वीस वर्षं गेली. ऐतिहासिक कादंबरी वाचून आपल्याला भूतकाळ कळतो, असं आपण म्हणतो. मला वाटतं, वाचक तिथे स्वतःची जागा शोधत फिरत असतो, लग्नघरात ओळखीचा चेहरा शोधावा तसा.

म्हणूनच इतिहासकारांची दुरुस्ती वाचकापर्यंत पोचत नाही. ऱ्योमानं जहाजावर मांडली असं सांगतात ती आठ कलमी योजना कादंबरीत मोठ्या दिमाखात येते. तिची अस्सल प्रत आजवर सापडलेली नाही, आणि अशी योजना होती का, याचीच अभ्यासकांना शंका आहे. २०१७ मध्ये तिथल्या इतिहास-शिक्षकांच्या एका मंडळानं सुचवलं, की शाळकरी मुलांनी पाठ करायच्या नावांची यादी निम्म्यावर आणावी. वगळायच्या नावांत ऱ्योमाही होता. मग जो गदारोळ उठला, तो बाकी कुठल्या नावासाठी उठला नसावा. आपण हसायचं कारण नाही. 'गड आला पण सिंह गेला' हे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं नाव आपल्या जिभेवर असं बसलंय, की 'सिंहगड' हे नाव तानाजींच्या आधीच्या कागदांतही येतं असं कुणी सांगितलं तर आपल्यालाच राग येतो.

कधी तर कादंबरी वाचकापर्यंत पुस्तकाच्या रूपात पोचतच नाही. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची. तिच्यावरचा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांचं सोनं खणायला लागले. पोलिसांना यावं लागलं. सावंतांनी वर्षानुवर्षं कागद चाळले, गड पालथे घातले, आणि त्याचं एक फळ म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले खड्डे. मला त्या खणणाऱ्यांचा राग येत नाही. मीही थेऊरला काहीतरी खणायलाच गेले होते.

बरं, पायांना लागलेली ही ओढ नेहमी वायाच जाते असंही नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'बया दार उघड'पासून 'झुंजार माची'पर्यंतच्या कादंबऱ्या वाचून किती पोरं पहिल्यांदा राजगड चढली असतील! गोनीदांनी आधी गड पायाखाली घातले आणि मग लिहिलं, म्हणून त्यांच्या पानांत दम लागतो. दूरदर्शनवरच्या 'स्वामी' मालिकेत रमाबाई झाल्या त्या मृणाल देव त्यांची नात, हा आमच्या घरी त्या काळी फार महत्त्वाचा मुद्दा होता.

रमाबाईंबद्दल मात्र मला आता एक भांडण मांडायचं आहे. चाळिशीत मी 'स्वामी' पुन्हा वाचली. भाषा तशीच गोड, माधवराव तसेच करारी. पण शेवटाशी आले आणि रडू आलं नाही, अंगावर काटा आला. चितेवर चढणारी ती तरुण बाई कादंबरीत इतकी शांत, इतकी तृप्त आहे, की जणू तो तिच्या प्रेमाचा कळस. सोळाव्या वर्षी मला तो कळसच वाटला होता. नवऱ्यावर प्रेम म्हणजे काय याचा पहिला धडा मी तिथे घेतला आणि नंतर बरीच वर्षं तो विसरण्यात घालवली. देसायांनी इतिहास बदलला नाही. त्या सती गेल्याच. त्यांनी त्या आगीला दिलेली सुगंधी झुळूक तेवढी त्यांची. आणि माझ्यावर परिणाम झाला तो झुळुकीचा.

शिबांना हे सामर्थ्य ठाऊक होतं असं मला वाटतं. मूळ नाव फुकुदा तेइइची; टोपणनाव घेतलं त्याचा अर्थ 'शिबांपासून फार दूर'. जुना चिनी इतिहासकार सिमा चिएन याला जपानीत 'शिबा' म्हणतात, आणि आपण त्याच्या पासंगालाही पुरत नाही, ही कबुली त्यांनी नावातच घालून ठेवली. ऱ्योमाच्या नावातलं 'ड्रॅगन' हे अक्षर त्यांनी जुन्या रूपात न लिहिता सोप्या रूपात लिहिलं. हा खरा नव्हे, माझा ऱ्योमा आहे, असं त्यातून सुचवायचं होतं असं जाणकार सांगतात. युद्ध संपलं तेव्हा ते बावीस वर्षांचे, रणगाडा दलात अधिकारी. शत्रू उतरला आणि तोक्योहून पळणाऱ्या लोकांनी रस्ता भरला तर रणगाडे न्यायचे कसे, असं विचारल्यावर त्यांना चिरडून पुढे जा, असं उत्तर मिळाल्याची आठवण ते सांगत. (ही आठवण खरी का, यावरही वाद आहे. कादंबरीकाराच्या नशिबी हे यायचंच.) इतक्या मूर्ख देशात आपण कसे जन्मलो, पूर्वीही तो असाच होता का, हा त्या दिवसांतला त्यांचा प्रश्न. आपल्या साऱ्या कादंबऱ्या म्हणजे त्या बावीस वर्षांच्या मुलाला लिहिलेली पत्रं आहेत, असं ते म्हणत.

पत्र आणि सनद यांत फरक असतो. सनद दाखवून हक्क सांगता येतो. पत्र ज्याचं त्यानं वाचायचं. रशिया-जपान युद्धावरच्या आपल्या दुसऱ्या अफाट कादंबरीवर चित्रपट किंवा मालिका करायला शिबांनी हयातभर नकार दिला. पडद्यावर ती युद्धाचा उदो उदो वाटेल ही धास्ती. १९९६ मध्ये ते गेले. मग वारसांनी परवानगी दिली आणि २००९ पासून ती मालिका दिसलीच. त्या कादंबरीत ज्यांच्या जमिनीवर युद्ध झालं ते कोरियन आणि चिनी शेतकरी फारसे दिसत नाहीत, ही तक्रार मात्र रास्त आहे. पत्र लिहिणाराही कुणाला तरी विसरतो.

आपल्याकडे कादंबरीकाराच्या सावधपणाचा याहून धिटाईचा नमुना आहे. देसायांच्याच 'श्रीमान योगी'च्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं प्रदीर्घ पत्र छापलं आहे. पुढे जो शिवाजी भेटणार, त्याच्याबद्दलच्या आपल्या भाबड्या समजुती ते आधीच तपासायला घेतं. स्वतःच्या कादंबरीच्या दारात असा परखड माणूस बसवायला छाती लागते. देसायांनी तो बसवला, याचं मला रमाबाईंच्या भांडणानंतरही कौतुक आहे. फक्त सोळाव्या वर्षी मी ती पानं उलटून थेट गोष्टीवर गेले होते.

आत्याची 'स्वामी' आता माझ्या भाचीकडे आहे. यंदा तिची दहावी झाली. पुस्तक चार दिवसांत संपलं. फोन आला तेव्हा मला वाटलं, आता हुंदके ऐकायला मिळणार. पण ती चिडलेली होती. "मावशी, तिला कुणीच कसं अडवलं नाही?" मी म्हटलं, कागदांत काय आहे ते शोधू या. "ते नंतर," ती म्हणाली, "आधी मला ती जागा बघायचीये." येत्या रविवारी निघतोय. देवळाजवळ खायला काय मिळतं, असंही तिनं विचारलंय.

— वाळवी